बँकॉक-सिंगापूर: रात्री कुठं खायचं, किती वाजेपर्यंत फिरायचं आणि हॉटेलवर परत कसं यायचं?

रंकाळा_फेरी:

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात आम्ही पाच जण कोल्हापुरातून निघतोय. चार रात्री बँकॉक, पुढं दोन रात्री सिंगापूर. दिवसाची यादी एजंटानं दिली आहे, त्यामुळं ती नको. प्रश्न फक्त संध्याकाळी सातच्या पुढचे आहेत.

१) बँकॉकमध्ये रात्रीचं खाणं नेमकं कुठल्या भागात आणि किती वाजेपर्यंत मिळतं?
२) आमच्यातला एक माळकरी आहे. अंडंसुद्धा चालत नाही. त्याला रोज पंजाबी हॉटेलात बसवायचं नाही.
३) दोघं घेतात, तिघं घेत नाहीत. बारमध्ये सगळ्यांनी बसलं तर बिलात काय काय लावतात?
४) टॅक्सी, फसवणूक, पोलीस यात कशापासून जपायचं?

"जाऊन बघा, लय भारी आहे" असली उत्तरं नकोत. ती एजंटाकडं भरपूर आहेत.

एमएच०९_रात्रपाळी:

भावा, रात्र नेहमी शेवटाकडून आखायची. परत कसं यायचं ते आधी ठरवा, खायचं कुठं ते त्यावरून ठरेल. बँकॉकची जमिनीखालची एमआरटी आणि पुलावरून जाणारी बीटीएस दोन्ही साधारण रात्री बारापर्यंत चालतात. या 'बारापर्यंत'मध्येच लोक अडकतात. पहिली गाडी मिळते, पण मध्ये लाइन बदलायची असेल तर पुढच्या लाइनची शेवटची गाडी निघून गेलेली असते. साडेअकराला फलाटावर असलात तर चिंता नाही. त्यानंतर टॅक्सीच.

दुसरी गोष्ट घड्याळाची. बँकॉक आपल्यापेक्षा दीड तास पुढं आहे. तिथं रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा आपल्याकडं साडेनऊच झालेले असतात. म्हणजे उशिरा जेवायला पोट आपोआप तयार असतं, जड जातं ते सकाळी उठणं. एजंटाची सकाळी सातची टूर पहिल्या दिवशी घेऊ नका.

आता भाग. पहिल्या रात्री याओवारात, म्हणजे तिथलं चायनाटाउन. संध्याकाळी सहाच्या सुमाराला रस्त्याच्या दोन्ही कडांना गाडे लागतात आणि मध्यरात्रीपर्यंत, काही त्याच्याही पुढं, चालू असतात. सोमवार टाळा, त्या दिवशी बरेच गाडे बंद असतात. जायचा क्रम असा ठेवा:

सातला एमआरटीच्या निळ्या लाइनवर साम योत स्टेशनला उतरा. तिथून पाहुरात जवळ आहे. हा तिथला भारतीय, मुख्यतः शीख लोकांचा कापडबाजार, मोठा गुरुद्वाराही तिथंच आहे. माळकरी पाहुण्याचं पोटभर जेवण इथं उरकून घ्या, कारण हा बाजार लवकर मिटतो. नऊला गेलात तर शटरं बघायला मिळतील. मग चालत याओवारात. साडेआठ ते दहा खाणं. बार बघायचे असतील तर त्याच भागात सोई नाना नावाची गल्ली आहे, जुन्या दुकानघरांतले छोटे बार आहेत. तिथून परतीला हुआ लाम्फोंग किंवा वात मांगकोन, जे जवळ पडेल ते स्टेशन.

इथं एक गफलत हमखास होते. बँकॉकमध्ये 'नाना' दोन आहेत. चायनाटाउनची सोई नाना वेगळी आणि सुखुमवित रस्त्यावरचं बीटीएसचं नाना स्टेशन वेगळं. हे सुखुमवितचं नाना म्हणजे तिथला लालबत्तीचा भाग. टॅक्सीवाल्याला नुसतं 'नाना' म्हणालात, तर तो डोळे झाकून दुसऱ्या ठिकाणी नेणार, आणि त्यात त्याची चूक नाही. 'याओवारात' हा शब्द आधी म्हणा.

खाओसान रोडला एक रात्र पुरे. गर्दी, आवाज आणि काडीला टोचलेले विंचू, जे खाण्यापेक्षा फोटोसाठीच विकले जातात. तिथं मेट्रो नाही. साम योतवरून चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. परतीला खाओसानच्या तोंडाशी उभे असलेले टॅक्सीवाले मीटर टाकत नाहीत, तीनशे बाथ, चारशे बाथ असं तोंडी सांगतात. मीटर ३५ बाथपासून सुरू होतो. दोन चौक पुढं मोठ्या रस्त्यावर जाऊन चालती टॅक्सी थांबवा, नाहीतर ग्रॅब किंवा बोल्टवरून बोलवा. टुकटुक स्वस्त असते हा आपल्याकडचा गैरसमज आहे. रात्री ती टॅक्सीपेक्षा महाग पडते. हौस म्हणून एकदा बसा, भाव चढण्याआधी ठरवून.

आणि तारीख बघा. आपल्याकडं त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर दिवे लागतात, साधारण त्याच सुमाराला तिकडं लॉय क्राथोंग असतो. लोक केळीच्या खोडाच्या तराफ्यावर दिवा, उदबत्ती लावून पाण्यात सोडतात. बघण्यासारखं आहे, पण त्या रात्री नदीकाठी टॅक्सी मिळायची नाही. मेट्रोपासून चालत जाता येईल असाच घाट निवडा.

पैशाचं थोडक्यात: गाड्यावर रोख. २०, ५० आणि १०० च्या नोटा ठेवा. हजाराची नोट सेव्हन-इलेव्हनमध्ये पाण्याची बाटली घेऊन मोडा. गाड्यावर क्यूआर लावलेला दिसतो, पण तो थाई बँकांसाठीचा आहे, आपलं यूपीआय चालेल असं धरून जाऊ नका. एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाथ किंवा जास्त आकारतं. म्हणून रोज थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढा. मशीननं 'रुपयांत हिशेब करू का' असं विचारलं तर नाही म्हणा आणि बाथ निवडा. रुपये निवडलेत की मशीनवाली बँक आपला दर लावते, तो वाईटच असतो.

हिरवी_मिरची:

माळकऱ्याचा प्रश्न वाटतो त्याहून सोपा आहे आणि वाटतो त्याहून फसवाही आहे. थाई माणसाला 'व्हेज' म्हटलं की तो मांसाचे तुकडे घालत नाही. पण माशाचं पाणी, म्हणजे नाम प्ला, घालतोच. त्याच्या लेखी ते मीठ आहे. पालेभाजी परततानाही ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, पडतो. सोम ताम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीला वरून दिसतात शेंगदाणे, आत कुटलेली असते सुकी कोळंबी.

म्हणून 'व्हेज' हा शब्द सोडून द्या. तिथं शब्द आहे 'जे'. 'किन जे' म्हणजे 'जे' खाणं: मांस, मासे, अंडं, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. आपल्या माळकऱ्याला याहून कडक काही लागणार नाही. 'जे' दुकानाची खूण म्हणजे पिवळ्या पताकेवर लाल अक्षर. थाई येत नसलं तरी ते इंग्रजी १७ सारखं दिसतं, तेवढं लक्षात ठेवा. अडचण एवढीच की यातली बरीच दुकानं दिवसाची असतात. 'जे'चा मोठा नऊ दिवसांचा उत्सव आपल्या नवरात्राच्या आसपास असतो, तेव्हा याओवारातभर पिवळं होतं. नोव्हेंबरात तुम्हाला तो मिळणार नाही.

गाड्यावर म्हणायचं वाक्य: "मै साय नाम प्ला, मै साय खाय." नाम प्ला नको, अंडं नको. 'खाय' म्हणजे अंडं आणि 'काय' म्हणजे कोंबडी. इंग्रजीवाल्यांची इथं जीभ अडखळते, मराठी माणसाला क आणि ख वेगळे काढायला शिकवावं लागत नाही. पण उच्चार आखूड ठेवा. आणि कोल्हापुरी सवयीनं गाड्यासमोर "काय? काय?" करत बसू नका. सुराची भाषा आहे, नेमकं तेच ऐकू जाईल असं नाही, पण कोंबडी आली तर तक्रारीला जागा नाही. त्यापेक्षा हीच दोन वाक्यं थाई लिपीत फोनवर मोठ्या अक्षरात ठेवा आणि स्क्रीन दाखवा. रात्री कढईच्या आवाजात तेच चालतं.

आता टेबलावरचा चार वाट्यांचा स्टँड. एका वाटीत साखर. दुसरीत भाजलेल्या लाल मिरचीचा भरडा. तिसरीत पांढुरकं, जवळजवळ पाण्यासारखं आंबट, त्यात मिरचीच्या चकत्या: हे व्हिनेगर. चौथीत तपकिरी, चहाच्या निवळीसारखं पातळ, त्यातही बऱ्याचदा मिरचीच्या चकत्या: हे नाम प्ला. रात्रीच्या पिवळ्या दिव्यात तिसरी आणि चौथी सारख्या दिसतात. नाकाजवळ नेली की शंका राहत नाही. माळकऱ्याला पहिल्या तीन चालतील, चौथी नाही.

तिखटाचं म्हणाल तर कोल्हापूरचा अभिमान थोडा खिशात ठेवा. आपलं तिखट भाजलेलं, मसाल्यात मुरलेलं, तेलावर तरंगणारं असतं. त्यांची बारकी मिरची कच्चीच कुटून घालतात, त्यामुळं ती जिभेवर न थांबता कानापर्यंत जाते. लवंगी कच्ची चावल्यासारखं. 'फेत माक' म्हणजे जाळ, 'मै फेत' म्हणजे तिखट नको. पहिल्या ताटलीला 'फेत नित नोय', थोडंसं तिखट, म्हणा आणि हवं तर दुसऱ्या वाटीतला भरडा घ्या. तिखट उतरवायला पाणी नको, साधा भात.

माळकऱ्याला आणखी एक धक्का बसेल तो फात क्राफाओचा. भातावर परतलेला खिमा, मिरची, लसूण आणि मूठभर पानं. ती पानं तुळशीची असतात. आपलीच तुळस, वनस्पतिशास्त्रातही तेच नाव. डुकराच्या खिम्यात तुळस बघून त्याचं जेवण तुटू नये, म्हणून आधीच सांगून ठेवा.

न विचारता चालेल असं: आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात, नारळाचं आइस्क्रीम, कापलेली फळं, शहाळं. केळं घालून तव्यावर करतात ती रोटी मात्र विचारूनच: 'मै साय खाय' म्हटलं तरी बऱ्याचदा पिठातच अंडं असतं, आणि वरून अंडं फोडायला त्याला दोन सेकंदही लागत नाहीत. पाथोंगको, म्हणजे तळलेल्या मैद्याच्या जोडकांड्या, चालतात. सोबतच्या हिरव्या कस्टर्डमध्ये अंडं असतं.

बाकीच्या चौघांना: गाडा निवडताना गर्दी बघा आणि कढई बघा. समोर मोठ्या जाळावर परतून हातात दिलेलं बाधायची शक्यता कमी. बाधतात ते अर्धकच्चे शिंपले, कच्चे ऑयस्टर आणि पपईत कुटलेला कच्चा खेकडा. ताटल्या लहान असतात, साध्या भाता-नूडलची ६० ते १०० बाथ धरा. पाच जणांनी एकेका गाड्यावर दोनच ताटल्या घ्या. नाहीतर तिसऱ्या गाड्यावरच पोट भरतं आणि निम्मी गल्ली राहते. मासळीला पाटीवर भाव नसेल तर वजनावर किती ते आधी विचारा.

तर्री_जास्त:

बारचं मी सांगतो.

नाइट क्लबची नेहमीची वेळ दोनपर्यंत. डिसेंबर २०२३ पासून बँकॉक, पट्टाया, फुकेत वगैरे ठिकाणच्या परवानाधारक जागांना चारपर्यंत मुभा आहे. दुकानातून मात्र रात्री बारानंतर दारू मिळत नाही, सेव्हन-इलेव्हनवाला काउंटरवर हात हलवतो. २० वर्षांखाली दारू नाही, क्लबच्या दारात मूळ पासपोर्ट मागू शकतात.

बिल: मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये किमतीपुढं दोन अधिकचिन्हं असतील, तर त्यावर १० टक्के सर्व्हिस आणि मग ७ टक्के व्हॅट. म्हणजे ४०० ची बिअर जवळजवळ ४७१ ला पडते. रस्त्याकडेच्या बारमध्ये हे नसतं. तिथं तुमच्या टेबलावर एक लाकडी किंवा बांबूचा पेला ठेवतात आणि प्रत्येक ऑर्डरची चिठ्ठी गुंडाळून त्यात खोचतात. तो पेलाच तुमचा हिशेब. चिठ्ठी पडली की उघडून बघायची, लाजायचं नाही. शेजारी येऊन बसलेल्या मुलीनं 'एक ड्रिंक' म्हटलं तर त्याची चिठ्ठी वेगळ्या, चढ्या दराची असते.

बारमध्ये घंटा टांगलेली दिसेल. देवळातल्या सवयीनं वाजवू नका. घंटा वाजवली म्हणजे बारमधल्या सगळ्यांना तुमच्याकडून एकेक पेग. पाच मित्रांत एकतरी वाजवणारा असतोच, त्याला घंटेपासून लांब बसवा.

पातपोंग या बारच्या भागात आणि सुखुमवितवर प्लास्टिकचं मेनूकार्ड दाखवत 'शो फुकट' म्हणणारे भेटतील. माडीवर नेतात, शो फुकटच असतो, बाहेर पडताना ड्रिंकचं बिल हजारांत असतं आणि दारात चार जण उभे असतात. वर चढायचंच नाही. अडकलात तर हुज्जत घालू नका, टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५. रुग्णवाहिका १६६९.

बादलीतून नळ्या घालून देतात ती दारू टाळा. कुठली ओतली ते दिसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसच्या वांग विएंगला मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं सहा परदेशी पर्यटक गेले. मिथेनॉलचा त्रास लगेच होत नाही, बारा ते चोवीस तासांनी मळमळ आणि धूसर दिसणं सुरू होतं आणि लोक हँगओव्हर समजून झोपून राहतात. धूसर दिसलं की थेट हॉस्पिटल. बिअरची बाटली समोर उघडून घ्या, विषय संपला. बर्फाची भीती मात्र फार बाळगू नका. मधे आरपार भोक असलेला नळकांड्याचा बर्फ कारखान्यातला असतो. फोडून काढलेले वेडेवाकडे तुकडे दिसले तर सोडा.

रूफटॉप बारला जाणार असाल तर कोल्हापुरी चप्पल हॉटेलवर. बहुतेक ठिकाणी पुरुषांना उघड्या चपला, हाफ पँट, बिनबाह्यांचा शर्ट चालत नाही. कितीही करकर वाजली तरी.

दारू पिऊन भाड्याची स्कूटर नको. पोलीस राहू द्या, विमावालेच क्लेम नाकारतात. न पिता चालवायची असेल तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना आधी काढावा लागतो, त्यात दुचाकीचा वर्ग असला पाहिजे.

रंकाळा_फेरी:

मंडळी, नाद खुळा उत्तरं. दोन शंका. सिंगापूरबद्दल कुणी बोललंच नाही. आणि आमच्यातल्या एकाला तंबाखूची सवय आहे, बरोबर पुडी नेली तर चालते का?

शाहूपुरीकर:

पुडी सिंगापूरला नेऊ नका. खायच्या तंबाखूवर तिथं बंदी आहे, गुटखा-मावाही त्यातच. सिगारेटला ड्यूटी-फ्री सवलत नाही, एक पाकीट असलं तरी कस्टमच्या लाल मार्गिकेत जाऊन जाहीर करून कर भरायचा. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, थायलंडमध्येही बेकायदा आणि सिंगापुरात बाळगणंही गुन्हा. तुमचा मार्ग बँकॉकवरून सिंगापूर असा आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: बँकॉकमध्ये गांजाची दुकानं दिसतील, गांजाच्या गोळ्या-बिस्किटं दिसतील. मित्रानं गंमत म्हणून घेतलेलं एक पाकीट बॅगेत राहिलं, तर सिंगापूरला थेट तुरुंग, आणि प्रमाण मोठं असेल तर फाशीचा कायदा आहे. निघायच्या आदल्या रात्री पाचही बॅगांचे सगळे कप्पे रिकामे करून बघा.

आता खाणं. सिंगापुरात गाडे रस्त्यावर नसतात, हॉकर सेंटरमध्ये असतात. रात्रीसाठी लाऊ पा सात बरं. त्याला लागून असलेली बून तात स्ट्रीट संध्याकाळी वाहनांना बंद करतात आणि रस्त्यावरच सातेच्या शेगड्या पेटतात. साते म्हणजे काडीवर भाजलेले मांसाचे तुकडे, सोबत शेंगदाण्याची गोडसर चटणी. आधी टेबल धरायचं. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा भरलेली समजा. ते कुणी विसरून गेलेलं नसतं. खाऊन झालं की ताटं स्वतः उचलून परत ठेवायची. २०२१ पासून सक्ती आहे, पहिल्यांदा लेखी ताकीद, पुढच्या वेळी ३०० डॉलर दंड. सिंगापूरचा डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास धरा आणि गुणाकार करा.

माळकऱ्यासाठी लिटल इंडिया. सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासूनचं शाकाहारी हॉटेल आहे, पण रात्री फार उशीर करू नका. उशिरा भूक लागली तर पराठ्याची दुकानं. तिथं त्याला 'प्राटा' म्हणतात, नुसता हवा असेल तर 'कोसोंग' म्हणायचं. सोबतचा रस्सा बहुधा मटण किंवा मासळीचा असतो, म्हणून डाळ वेगळी मागा. मुस्तफा सेंटर रात्री दोनपर्यंत उघडं असतं, घरच्यांची खरेदी रात्री उरकायला सोयीचं.

दारू दुकानातून रात्री साडेदहाला बंद. साडेदहा ते सकाळी सात सार्वजनिक जागी पिणंही बंद, म्हणजे नदीकाठी कॅन घेऊन बसायचं नाही. लिटल इंडियात तर शनिवार सकाळी सातपासून सोमवार सकाळी सातपर्यंत रस्त्यावर पिताच येत नाही. बार उघडे असतात. तिथं दोन अधिकचिन्हं म्हणजे १० टक्के सर्व्हिस आणि ९ टक्के जीएसटी: २० डॉलरचा ग्लास २३.९८. हॉकर सेंटरमध्ये हे लागत नाही, बिअर तिथंच घ्या.

मेट्रो बाराच्या आसपास संपते. मीटरच्या टॅक्सीला मध्यरात्र ते सकाळी सहा ५० टक्के जादा लागतात, म्हणून बारा वाजून पाच मिनिटांनी रांगेत उभं राहण्यापेक्षा पावणेबाराला निघा. क्लार्क की हा नदीकाठचा बारचा भाग एकदा चालून बघायला छान. बसून प्यायला खिशाला जड.

एमएच०९_रात्रपाळी:

शाहूपुरीकरांना दुजोरा. एक भर: दोन्ही देशांचं आगमनाचं ऑनलाइन कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही.

आणि मध्यरात्रीनंतर हलकं खायचं असेल तर बँकॉकमध्ये खाओ तोमची दुकानं शोधा. तांदळाची पेज, सोबत छोट्या ताटल्या. दारूनंतर तिथले लोकही तेच खातात. सोबत मोठ्या जाळावर परतलेली पाक बुंग नावाची पालेभाजी येते, ती बघण्यासारखी असते, कढईत जाळ पुरुषभर उठतो. तीत ऑयस्टर सॉस असतो, माळकऱ्याला वाढू नका.

हिरवी_मिरची:

शेवटचं एक राहिलं. नोव्हेंबरात कार्तिकी एकादशी येऊ शकते, पंचांग बघून घ्या. उपवासाचं बँकॉकच्या रस्त्यावर चांगलं मिळतं: कोळशावर भाजलेली केळी, भाजलेली रताळी, उकडलेल्या शेंगा, शहाळं. साबुदाण्याला तिथं साखू म्हणतात आणि नारळाच्या दुधातला गोड साखू चालेल. पण केळीच्या पानावर लेट्यूस आणि मिरचीबरोबर मांडलेले साबुदाण्याचे पारदर्शक, चकचकीत गोळे दिसले तर हात लावू देऊ नका. दिसतात उकडलेल्या साबुदाणा वड्यासारखे, आत डुकराचं सारण असतं.